गल्ल्यातील पाच कवड्या



मागील अंकातील हुंडीवरील लेख वाचून काही वाचकांनी सुचवले की, हुंडी आणि नाणी यांच्याही आधीच्या चलनाविषयी एकदा लिहावे. सूचना आवडली आणि लिहावयास बसलो. परंतु विषय हाती घेतल्यावर तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात राहिना. तो समुद्रात गेला, आणि तेथून आपल्या घरातील वहीपूजनाच्या पाटापर्यंत आला.

आमच्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. सागवानी गल्ल्याच्या आतल्या खणात एका लाल कापडात पाच कवड्या बांधलेल्या असत. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, त्या बाहेर निघत. वडील त्या पुसून नव्या वहीवर मांडत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खणात ठेवत. "पैशाचा मूळपुरुष आहे हा," एवढेच ते म्हणत. पुढे वाटण्या झाल्या, गल्ला धाकट्या बंधूंकडे गेला. मी नोकरदार मनुष्य. मला गल्ल्याचा उपयोग नव्हता. मी कवड्या मागून घेतल्या.

त्यानंतर छत्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांचा पैसा मोजला. एम.कॉम.ला असताना जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७५ च्या आपल्या ग्रंथात सांगितलेले चांगल्या चलनाचे गुण पाठ केले होते: मूल्य, वहनसुलभता, टिकाऊपणा, एकरूपता, विभाज्यता, मूल्यस्थैर्य आणि ओळखण्यातील सुलभता. 'कवडी' हे त्या प्रकरणातील एक ओळीचे उदाहरण होते. परीक्षेत ते लिहून गुणही मिळवले. ती ओळ एका जिवंत प्राण्याविषयी आहे, हा विचार मात्र मनाला शिवला नाही.

तो शिवला निवृत्तीनंतर, लक्षद्वीपच्या एका बेटावर. ओहोटीची वेळ होती. उथळ पाण्यातून चालताना आमच्या वाटाड्याने मृत प्रवाळाचा एक दगड हलकेच उलटा केला आणि त्याखालचा नखाएवढा काळपट गोळा दाखवला. त्यावर बारीक रेषा आणि केसांसारखे तंतू होते. मी म्हणालो, "शेवाळ आहे." त्याने बोट लावले. तो काळपट पडदा दोन्ही बाजूंनी हळूहळू मागे सरकला, आणि आतून पिवळी, चकचकीत, जणू नुकतीच पुसून ठेवलेली कवडी उघडी पडली. गल्ल्यातील पाच कवड्यांची सहावी बहीण!

मी ती उचलून रुमालात ठेवू लागलो. शेजारी सौभाग्यवती उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, त्यात जीव आहे." पाठशाळेत लहानपणी दोघांनीही शिकलेली यादी मला त्या क्षणी आठवली. द्वींद्रिय जीव कोणते? शंख, कवडी, अळी, जळू. साठ वर्षे पाठ असलेली ती यादी प्रत्यक्षात ओळखता आली नव्हती. मी कवडी जागेवर ठेवली, वाटाड्याने दगड पूर्ववत केला आणि आम्ही पुढे निघालो. परंतु घरच्या पाच कवड्यांविषयीचा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर चालत आहे.

प्रथम या प्राण्याचीच ओळख करून घेऊ.

चलन म्हणून वापरली गेलेली कवडी ही समुद्री गोगलगाईची एक विशिष्ट जाती आहे. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये तिचे नामकरण केले तेव्हा तिच्या नावातच 'मोनेटा', म्हणजे लॅटिन भाषेतील 'नाणे', हा शब्द घातला. आज तिचे शास्त्रीय नाव 'मोनेटारिया मोनेटा' असे आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हिंदी महासागर ओलांडून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत ती आढळते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील उथळ पाणी, प्रवाळाचे तुकडे आणि दगडांच्या कपारी हे तिचे घर. दिवसा ती बहुधा दगडाखाली दडून राहते आणि रात्री बाहेर पडून खडकावरील शेवाळ खाते. तिच्या जिभेवर कानशीसारखे सूक्ष्म दात असतात. त्यांनी ती शेवाळ खरवडून घेते.

कवडीचा चकचकीतपणा कोठून येतो, याचे उत्तर मला त्या काळपट पडद्याने दिले. प्राणिशास्त्रात त्या पडद्याला 'प्रावार' म्हणतात. सर्वसाधारण शंख-शिंपल्यांत हा अवयव कवचाच्या आत राहतो. कवडी मात्र प्रावाराच्या दोन झालरी कवचाबाहेर काढून दोन्ही बाजूंनी पाठीवर ओढून घेते, जणू शाल पांघरावी तशी. हा प्रावारच चुन्याचे नवे थर चढवतो आणि कवचाला झाकून ठेवतो, म्हणून त्यावर शेवाळ धरत नाही आणि ओरखडेही पडत नाहीत. कवडीला कोणी कधी पॉलिश केलेले नाही. जिवंतपणी तिनेच स्वतःच्या अंगाने केलेली ती झिलई आहे.

दुसरी नवलाची गोष्ट तिच्या वाढीची. लहानपणी कवडी कवडीसारखी दिसतच नाही. तिचे कवच पातळ, लांबट आणि इतर गोगलगाईंसारखे वेटोळ्याचे असते, तोंड रुंद उघडे असते. प्रौढ होण्याच्या सुमारास कवचाची बाहेरची कड आत वळते, तोंडाची जागा एका अरुंद फटीने घेतली जाते आणि त्या फटीच्या दोन्ही काठांवर दात उमटतात. वेटोळे आत झाकले जाते. एकदा हे झाले की कवडीची लांबी वाढणे थांबते. त्यानंतर कवच केवळ जाड होते. म्हणून एका ठिकाणच्या प्रौढ कवड्या आकाराने बऱ्याच सारख्या असतात, बहुतेक दीड ते तीन सेंटिमीटरच्या दरम्यान. जेव्हन्सने सांगितलेली 'एकरूपता' ती हीच.

त्या अरुंद फटीचे प्रयोजन संरक्षण हे आहे. अनेक समुद्री गोगलगाई कवचाचे तोंड झाकणाने बंद करतात. प्रौढ कवडीला असे झाकण नसते. जाड कवच, दातेरी फट आणि निसरडी पाठ हीच तिची तिजोरी. तरीही अष्टपाद, खेकडे, काही मासे आणि विषारी शंकू-शंख तिला गाठतातच.

कवड्यांमध्ये नर आणि मादी वेगळे असतात. मादी एखाद्या कपारीत अंड्यांच्या पिशव्यांचा पुंजका चिकटवते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत त्यावर बसून राहते. ज्या प्राण्याला आपण 'निर्जीव वस्तू' म्हणून मोजत आलो, ती माता होऊन अंडी राखते, हे वाचले तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. अंड्यांतून निघालेली सूक्ष्म पिल्ले काही काळ समुद्राच्या प्रवाहात तरंगतात आणि मग तळाशी बसून कवच वाढवू लागतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आपल्या परंपरेत कवडी द्वींद्रिय, म्हणजे स्पर्श आणि रस ही दोन इंद्रिये असलेली मानली आहे. आजचे प्राणिशास्त्र तिच्या स्पर्शिकांच्या मुळाशी लहान डोळेही दाखवते. या दोन वर्गीकरणांचा मेळ कसा घालावा, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. ते विद्वानांनी पाहावे. माझ्यासारख्या श्रावकाला त्यांतील एकवाक्यता पुरेशी वाटते. दोन्हीकडे ती हालचाल करणारी, संवेदना असलेली, म्हणजेच आपल्या भाषेत 'त्रस' जीव आहे.

आता नावाकडे वळू. संस्कृतात तिला 'कपर्द', 'कपर्दिका' किंवा 'वराटक' म्हणतात. कपर्दिकेची प्राकृतातून 'कवडी' झाली. शत्रुंजयाच्या कपर्दी यक्षाला आपण 'कवड यक्ष' म्हणतो, त्यातही हाच उच्चारबदल दिसतो. इंग्रजीतील 'काउरी' हा शब्द आपल्याकडूनच, 'कौडी' या रूपातून, गेलेला आहे. इटालियन लोक तिला 'पोर्चेल्लाना' म्हणत. चीनमधून आलेली गुळगुळीत भांडी त्यांना तिच्यासारखी वाटली म्हणून ती 'पोर्सेलीन' झाली. चीनमध्ये तर शांग राजवटीतील फू हाओ राणीच्या, १९७६ मध्ये उत्खनन झालेल्या कबरीत साडेसहा हजारांहून अधिक कवड्या सापडल्या. चिनी लिपीत खरेदी, माल, संपत्ती अशा अर्थाच्या अनेक अक्षरांत आजही कवडीचे चिन्ह बसलेले आहे.

आपल्या देशात कवडी ही हिशेबाची पहिली पायरी होती. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' रचली. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे त्यांच्या घराण्याचा आपल्या खानदेशाशी असलेला संबंध सर्वांना ठाऊक आहे. त्या ग्रंथाच्या आरंभीच चलनाचे कोष्टक येते: २० वराटक म्हणजे १ काकिणी, ४ काकिणी म्हणजे १ पण, १६ पण म्हणजे १ द्रम्म आणि १६ द्रम्म म्हणजे १ निष्क. म्हणजे एका पणाच्या ८० कवड्या आणि एका द्रम्माच्या १,२८० कवड्या.

आता हेच कोष्टक साडेसहाशे वर्षांनंतरच्या बंगालमध्ये पाहा. ४ कवड्यांचा १ गंडा, २० गंड्यांचा १ पण, १६ पणांचा १ काहन आणि ४ काहनांचा १ रुपया. ८० कवड्यांचा पण तसाच आहे, १,२८० चा काहनही तोच आहे आणि रुपयाच्या कवड्या होतात ५,१२०. राज्ये बदलली, भाषा बदलल्या, परंतु पाढा बदलला नाही. हिशेबाची सवय किती चिवट असते, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगावयास नको.

या कवड्या येत कोठून? भारतातील कवड्यांचा सर्वांत मोठा पुरवठादार होता मालदीव. तेथील कवडी आकाराने लहान, म्हणून एका पोत्यात अधिक संख्येने मावणारी, आणि त्यामुळे दूरच्या व्यापाराला सोयीची. नवव्या शतकातील अरबी प्रवासवर्णनांत असे लिहिले आहे की, तेथील लोक नारळाच्या झावळ्या पाण्यावर टाकत आणि कवड्या त्यांना येऊन चिकटत. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी १६०२ मध्ये जहाज फुटल्याने मालदीवमध्ये अडकला आणि पाच वर्षे तेथे राहिला. त्याने लिहिले आहे की, अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगेमागे तीन-तीन दिवस बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून कवड्या गोळा करत. बारा-बारा हजारांच्या करंड्या बांधल्या जात. केवळ कवड्यांनी भरलेली तीस-चाळीस जहाजे वर्षाला बंगालकडे जाताना त्याने पाहिली.

त्याच्या अडीचशे वर्षे आधी, १३४३-४४ मध्ये, इब्न बतूता मालदीवमध्ये काझी होता. त्याने भाव लिहून ठेवले आहेत. तेथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत. कधी भाव इतका उतरे की बारा लाख मिळत. बंगालचे लोक तांदूळ देऊन त्या नेत. आणि याच प्रवाशाने पुढे पश्चिम आफ्रिकेतील माली आणि गाओ येथे त्याच कवड्या एका दिनाराला १,१५० या भावाने चालताना पाहिल्या. दिनाराचे वजन जागोजागी वेगळे असेल हे धरूनही, उगम आणि बाजार यांच्या भावात साडेतीनशे ते हजार पटींचा फरक पडतो. एवढ्या नफ्याचा माल कोणता व्यापारी सोडील?

परंतु त्याच नोंदीतील एक वाक्य मी पूर्वी केवळ माहिती म्हणून वाचले असते. समुद्रातून काढलेल्या कवड्या किनाऱ्यावर खड्ड्यांत टाकत, आतील मांस कुजून जाई आणि पांढरे कवच उरे. म्हणजे चार लाख कवड्या याचा अर्थ चार लाख जीव. आणि त्यांचे मोल सव्वाचार ग्रॅम सोन्याचे एक नाणे.

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत 'दंतवाणिज्य' येते. हस्तिदंतापुरतेच आपण ते लक्षात ठेवतो. आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्रा'त त्याची व्याप्ती दात, केस, नखे, हाडे, कातडी अशा त्रस जीवांच्या अवयवांच्या व्यापारापर्यंत नेली आहे, आणि एक महत्त्वाचा शब्द वापरला आहे: उगमस्थानी जाऊन केलेली खरेदी. खरेदीदार उगमावर उभा राहिला की त्याच्यासाठीच जीव मारला जातो, हा त्यामागचा विचार. मागणी पुरवठा निर्माण करते, हे आम्ही अर्थशास्त्रात विसाव्या शतकात शिकलो. बाराव्या शतकातील एका आचार्यांनी ते नीतिशास्त्रात आधीच सांगून ठेवले होते.

कवडीची दुसरी किंमत माणसांनी मोजली. पोर्तुगीज, त्यांच्यामागून डच आणि इंग्रज जहाजे हिंदी महासागरातून युरोपकडे परतताना कवड्या भरून नेत. जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी वजन घालावेच लागते. ते दगडांऐवजी कवड्यांचे घातले की वाहतूक जवळजवळ फुकट. ॲमस्टरडॅम आणि लंडन येथे त्यांचे लिलाव होत. तेथून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात, आणि तेथे त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. अठराव्या शतकात डच आणि इंग्रजांनी तेथे नेलेल्या कवड्यांची संख्या अभ्यासकांनी सुमारे एक हजार कोटी इतकी काढली आहे. मालदीवच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या बाईला तिच्या करंडीचा शेवट कोठे होतो याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. मधल्या प्रत्येकाने आपापली खरेदी-विक्री चोख केली. प्रत्येकाची वही जुळली असेल.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन व्यापाऱ्यांनी झांझिबारकडील दुसऱ्या जातीच्या, थोड्या मोठ्या आणि फार स्वस्त कवड्या पश्चिम आफ्रिकेत ओतल्या. चलन वाढले, भाव कोसळले. ज्यांनी आयुष्यभर कवड्या साठवल्या होत्या त्यांची बचत मातीमोल झाली. जेव्हन्सच्या यादीतील 'मूल्यस्थैर्य' येथे नापास झाले. घाना देशाच्या चलनाला 'सेडी' म्हणतात, तो शब्द तेथील भाषेतील कवडीच्या नावावरून आलेला आहे. कवडी गेली, नाव राहिले.

आपल्याकडचा शेवटही वेदनादायक आहे. रॉबर्ट लिंडसे नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी १७७८ पासून सिल्हेटला होता. तेथील सुमारे अडीच लाख रुपयांचा महसूल कवड्यांत येत असे, असे त्याने आठवणींत लिहिले आहे. सवयीप्रमाणे मी कागदावर हिशेब मांडला. रुपयाला ५,१२० याप्रमाणे सर्व वसुली कवड्यांत आली असे धरले, तर १२८ कोटी कवड्या होतात. एका कवडीचे वजन ग्रॅमहून थोडे अधिक. म्हणजे एका रुपयाचे ओझे साडेपाच किलोच्या आसपास! त्या साठवण्यासाठी गोदामे आणि ढाक्याला पोहोचवण्यासाठी होड्यांचा ताफा लागे, आणि या उलाढालीत शेकडा दहा टक्के तूट येई. ज्याने कधी बँकेची रोकड एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नेली आहे, त्याला त्या अधिकाऱ्याची अवस्था समजेल.

कंपनीला हा त्रास नको होता. ओडिशा १८०३ मध्ये ताब्यात आल्यावर काही वर्षांतच तेथे महसूल चांदीच्या रुपयांत मागण्यात आला. शेतकऱ्याच्या घरात होत्या कवड्या. रुपये मिळवण्यासाठी तो बाजारात गेला तर सगळेच कवड्या विकावयास आलेले. साहजिकच कवडीचा भाव पडला आणि तेवढाच महसूल भरण्यासाठी अधिक धान्य विकावे लागले. १८१७ मध्ये खुर्दा भागात बक्षी जगबंधू यांच्या नेतृत्वाखाली पाइकांचा उठाव झाला. जमिनी गेल्या, मीठ महागले, आणि त्यांबरोबर इतिहासकार कवडी बंद होण्याचेही कारण देतात.

हे वाचताना मला २०१६ चा नोव्हेंबर आठवला. मी तेव्हा शाखेत होतो. रांगेत एक वृद्ध बाई उभ्या होत्या. तांदळाच्या डब्यात दडवलेल्या, घडीवर घडी पडलेल्या पाचशेच्या अकरा नोटा त्यांनी काचेखालून पुढे सरकवल्या आणि विचारले, "साहेब, चालतील ना?" त्यांच्या नोटा बदलल्या गेल्या, खाते उघडून दिले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा या लेखात मला करावयाची नाही. मात्र चलन बदलते तेव्हा सर्वांत शेवटी कळते ते ज्याच्याकडे सर्वांत थोडे असते त्याला, हे मी काचेच्या या बाजूने पाहिले आहे. खुर्द्याच्या शेतकऱ्याचा चेहरा म्हणून मला अपरिचित वाटत नाही.

आज मराठीत कवडी उरली आहे ती मुख्यतः अवहेलनेपुरती. पडेल भावाने विकले ते 'कवडीमोल'. कंजूष तो 'कवडीचुंबक'. काहीच शिल्लक नसले की 'फुटकी कवडी नाही'. नाणे मोडले तरी धातूची किंमत राहते, कवडी फुटली की काहीच राहत नाही. विभाज्यतेच्या परीक्षेत ती अशी अनुत्तीर्ण झाली आणि वाक्प्रचारात जाऊन बसली. दही उत्तम लागले की मात्र आपण त्याला 'कवडीदार' म्हणतो, तेवढाच तिचा गौरव. तुळजाभवानीच्या भक्तांनी मात्र तिला गळ्यात माळ करून मानाने ठेवले आहे.

सारा व्यवहार तपासून पाहिल्यावर माझ्यातील जुन्या हिशेबनिसाला एक गोष्ट खटकते. कवडीच्या हजारो वर्षांच्या खतावणीत जमेच्या बाजूला सर्व काही आहे: तांदूळ, कापड, महसूल, दिनार, नफा. खर्चाच्या बाजूला वाहतूक आहे, तूट आहे, गोदामभाडेही आहे. खड्ड्यात कुजलेला जीव, किनाऱ्यावर विकलेला माणूस आणि भाव कोसळल्याने बुडालेला शेतकरी यांची नोंद कोठेच नाही. त्या काळचे व्यापारी दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. त्यांत आपलेही पूर्वज असतील. त्यांच्या हाती कवडी आली तेव्हा ती स्वच्छ, पांढरी आणि गंधहीन होती. तिला कधी प्राण होता, हे दिसण्याची सोयच नव्हती. आज आपल्या हाती येणाऱ्या मालाचीही हीच स्थिती नाही काय? तो आपल्यापर्यंत पोहोचतो तोवर पुसून, पाकिटात घालूनच पोहोचतो.

गेल्या दिवाळीपूर्वी पूजासाहित्याच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने सवयीने अकरा कवड्यांचे प्लास्टिकचे पाकीट पुढे केले. कवड्या नव्या, तेजस्वी होत्या. ती झिलई कोणी केली हे आता मला ठाऊक होते. मी पाकीट परत दिले. त्याला वाटले, भाव जास्त वाटला. "काका, पाच रुपये कमी द्या," तो म्हणाला. मी हसून बाकीचे साहित्य घेतले.

वडिलांच्या पाच कवड्या मी टाकलेल्या नाहीत. त्या टाकून तो जीव परत येणार नाही, आणि वडिलांच्या हाताची आठवणही जाईल. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या लाल कापडातून काढल्या, पुसल्या आणि वहीवर मांडल्या. त्यांना हात जोडताना सौभाग्यवतींनी नेहमीच्या पाठाआधी 'मिच्छामि दुक्कडं' म्हटले. मीही म्हटले. नातू विचारू लागला, "आजोबा, क्षमापना तर पर्युषणात झाली ना?" त्याला मांडीवर घेतले आणि ओहोटीच्या पाण्यातील त्या दगडाची हकीकत सांगितली.

आपल्याही गल्ल्यात, देव्हाऱ्यात किंवा आजीच्या सारीपाटाच्या पिशवीत जुन्या कवड्या असतील. त्या जपाव्यात, घरातील मुलांच्या हातावर ठेवून ही हकीकत सांगावी. नव्या मात्र विकत घेऊ नयेत, एवढीच विनंती. जुन्या पाच पुष्कळ आहेत.

पुढील अंकात वाचकांच्या सूचनेप्रमाणे 'दमडी ते रुपया' हा प्रवास पाहू.